पाताळाची वन-डे ट्रिप

वीकएन्डला लोणावळा नको, मुळशी तर नकोच नको! एका रविवारी सकाळी आम्ही जंगली महाराज रस्त्यावरून निघालो आणि संध्याकाळी थेट चंद्रापर्यंत पोचलो. तेही ॲक्टिव्हावर.

माझ्या मोबाइलवर आइसलँडच्या रील्सचा नुसता पूर आलेला असतो. २०२१ पासून तिथल्या रेक्यानेस द्वीपकल्पावर पुन्हा पुन्हा जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वर आला आणि जगभरातली पब्लिक तिथे जाऊन फोटो काढून आली. आपणही एकदा जाऊन यावं, असं माझ्या फार मनात होतं. मग एका शनिवारी रात्री विमानाचं भाडं, व्हिसा, हॉटेल असा सगळा हिशेब मांडला. फ्रीलान्स जर्नालिस्टच्या बँक बॅलन्सशी त्याचा काही मेळ बसेना. ते रडगाणं आत्याला फोनवर ऐकवलं.

आत्या कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झाली आहे. वय ६६. तिचे गुडघे हल्ली कुरकुरतात, जीभ मात्र पूर्वीइतकीच चालते.

'लाव्हा बघायला आइसलँड? अगं, तुझी बिल्डिंग कशावर उभी आहे, इडलीवर?' ती म्हणाली. 'उद्या सकाळी सातला ये. हेल्मेट दोन आण.'

स्टॉप पहिला : पाताळेश्वर

जेएम रोडवर सकाळी सातला चक्क शांतता असते, हा पहिला शोध. शोरूम्सची शटर्स खाली, सिग्नलला दोन-तीन रिक्षा आणि पाताळेश्वराच्या आवारात वडाखाली पेपर वाचत बसलेले आजोबा. कॉलेजात असताना आम्ही इथे तासन्‌तास टाइमपास केलाय. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं हे लेणं. मधोमध तो गोल नंदीमंडप, आत खांबांच्या रांगा, सगळंच अर्धवट राहिलेलं. एवढी माहिती मला होती.

आत्याने मला आत नेलं आणि भिंतीला हात लावायला सांगितला. गार होती.

'हा दगड एकेकाळी अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला वाहत होता,' ती म्हणाली. 'आणि देवाचं नाव काय? पाताळेश्वर. नाव ठेवणाऱ्याला माहीत नसणार, पण याहून योग्य नाव सापडलं नसतं.'

माझी पहिली शंका शाळकरी होती. मग तो ज्वालामुखी कुठंय? सिंहगड? पुरंदर? आपल्याकडे दर दोन माणसांमागे एक जण सांगतो, की अमुक किल्ला म्हणजे जुना ज्वालामुखी. आत्या म्हणाली, तसं काही नाही. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा, वरून धूर सोडणारा डोंगर इथे नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा पसरत गेला. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. झिजून-झिजून आजही या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. मुंबई, नाशिक, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सगळे एकाच दगडावर बसलेत. त्या दगडाचं नाव बेसॉल्ट. आपल्या भाषेत काळा फत्तर.

अशा भेगेतला उद्रेक माणसानं पाहिलाय. १७८३ मध्ये आइसलँडलाच लाकी नावाच्या ठिकाणी भेग फुटली आणि आठ महिने वाहत राहिली. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांच्या नावानं नाना फडणवीस कारभार बघत होते. लाकीच्या विषारी वायूंनी आणि त्यामागून आलेल्या दुष्काळानं आइसलँडची जवळजवळ पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनच्या लाव्हापुढे लाकी म्हणजे ओढ्यापुढे नळाची धार.

स्टॉप दुसरा : सिव्हिल कोर्टाखाली

'आता खऱ्या पाताळात जाऊ,' म्हणत आत्याने मला मेट्रो स्टेशनात नेलं. सिव्हिल कोर्टाचं भुयारी स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे. म्हणजे दहा मजली इमारत उलटी गाडल्यासारखं. सरकते जिने संपतच नाहीत. तिथून स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. तो खोदणाऱ्या मशीन्सनी जे काही कापलं, ते हेच काळं प्रकरण.

जिन्यावर उभ्या उभ्या आत्याने मला काळाचं गणित घातलं. 'माझं वय ६६. या दगडाचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. म्हणजे माझं एक वर्ष बरोबर दहा लाख वर्षं. कर हिशेब.'

केला. लाव्हाचा बहुतेक सगळा खेळ सात-आठ लाख वर्षांत आटपला, असं अलीकडची मोजमापं सांगतात. म्हणजे आत्याच्या आयुष्यातले जेमतेम नऊ महिने. त्याच सुमाराला मेक्सिकोपाशी उल्का आदळली आणि डायनोसॉर संपले. त्यात उल्केचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण चालू आहे. आपली माणसाची जात तीन लाख वर्षं जुनी, म्हणजे आत्याचे गेले चार महिने. पाताळेश्वर? ते आज पहाटे कोरलं. मेट्रो तर जिन्याच्या या पायरीवरून त्या पायरीवर जाईपर्यंत झाली.

आणि एवढं खाली येऊन आपण किती आत शिरलो? पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर. पृथ्वीला हापूस मानलं तर आपली टाचणी अजून सालाच्या पार गेलेली नाही. म्हणून तर बेसॉल्टची किंमत. तो आतून स्वतःहून वर आलाय.

कसा आला, त्याचं उत्तर आत्याने कुकरवर दिलं. कवचाखाली २,९०० किलोमीटर जाडीचं प्रावरण आहे. आपल्याला वाटतं तिथे सगळा लाव्हा खदखदतोय. चूक! तिथला खडक प्रचंड तापलेला आहे, पण घट्टच आहे, कारण वरून दाब आहे. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच. पण शिट्टी उचलली, दाब उतरला, की ते एकदम उसळतं. प्रावरणातला गरम खडक हळूहळू वर सरकला, की त्याच्यावरचा दाब उतरतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. तो हलका असतो, भेगा शोधत वर येतो. वर येऊन थिजला की बेसॉल्ट.

स्टॉप तिसरा : वेताळ टेकडी

एआरएआयच्या बाजूनं गाडी बरीच वर जाते, त्यामुळे आत्याच्या गुडघ्यांची सोय झाली. टेकडीवर रविवारची नेहमीची गर्दी होती. पळणारे, कुत्री फिरवणारे, फोनवर ऑनसाइटच्या गप्पा मारत चालणारे आणि 'मोर दिसला का?' विचारणारे. आम्ही जुन्या दगडखाणीकडे वळलो. इंस्टाग्रामवर हिचे सूर्यास्ताचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. खाली पाणी, भोवती सरळसोट कापलेल्या भिंती.

'फोटो नंतर काढ. आधी वाच,' आत्या म्हणाली. भिंत वाचायची असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. काही थर घट्ट, काळे, उभ्या चिरा पडलेले. काही भुरकट, भोकंभोकं असलेले. लाव्हा वाहत असताना त्यातले वायू बुडबुड्यांनी वर येतात, आणि वरचा भाग थिजला की ते तिथेच अडकतात. जाळीदार ढोकळ्यासारखा भाग दिसला, की समजायचं हा एका प्रवाहाचा माथा. विहिरी खणणारे लोक याला मांजऱ्या म्हणतात. पुढे या भोकांत पाण्याबरोबर खनिजं येऊन बसली. आपल्या वाघोलीच्या खाणींमधलं निळंशार कॅव्हनसाइट जगातलं सर्वोत्तम समजलं जातं, आणि परदेशातल्या म्युझियममध्ये त्याच्या पाटीवर 'वाघोली, पुणे' असं लिहिलेलं असतं. इथे आपण वाघोलीचं नाव काढलं की लोकांना आधी ट्रॅफिक आठवतो.

मग आम्ही वर गेलो. हवा स्वच्छ होती, सिंहगड दिसत होता. आत्याने विचारलं, 'सगळ्या डोंगरांचे माथे बघ. काय दिसतं?'

सपाट. इथून तिथून सगळे सपाट आणि साधारण पायऱ्यापायऱ्यांचे. इकडचा एखादा पट्टा समोरच्या डोंगरावर तसाच पुढे चालू झाल्यासारखा.

'म्हणजे मध्ये काय होतं?'

मला एकदम लख्ख दिसलं. मध्ये दगडच होता! सिंहगडापासून इकडे पार पलीकडेपर्यंत सलग थर होते. टेकड्या वर आल्याच नाहीत. मुळा, मुठा आणि त्यांच्या ओढ्यांनी, करोडो पावसाळ्यांनी, मधला दगड झिजवून नेला. जे उरलं त्याला आपण टेकडी म्हणतो. आयुष्यभर मी समजत होते की पुण्याभोवती टेकड्या उगवल्यात. खरं तर त्या उरल्यात.

आणि इथे नवा थर आता पडणार नाही. तो कारखाना कधीच बंद झालाय. त्यामुळे टेकडीचा जो भाग कापून आपण खडी केली, तो गेला. झाड परत लावता येतं, टेकडी नाही. २०२३ मध्ये टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याच्या विरोधात पुणेकर मोठ्या संख्येनं उतरले होते, तेव्हा मी ती बातमी 'झाडं विरुद्ध ट्रॅफिक' अशी वाचली होती. या भिंतीपुढे उभं राहिल्यावर ती वेगळी वाचता येते.

स्टॉप चौथा : दिवे घाट

हडपसर ओलांडेपर्यंत माझी आणि ॲक्टिव्हाची दोघींची हवा गेली होती. पण दिवे घाट वसूल! ज्ञानोबांची पालखी ज्या चढानं सासवडकडे जाते, तो चढ म्हणजे लाव्हाचा जिना आहे. दख्खनच्या या खडकांना इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, ते सापळा म्हणून नाही. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. आपण तर डोंगरातल्या वाटेलाही घाट म्हणतो आणि नदीच्या पायऱ्यांनाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं इथल्या थरांच्या एका गटाला 'दिवेघाट' असंच नाव दिलंय. इंद्रायणी, कार्ला, पुरंदरगड हेही त्याच यादीतले. आपल्या पिकनिक स्पॉट्सची नावं शास्त्रीय नकाशात बघून भलताच अभिमान वाटतो.

कापलेल्या डोंगरात मध्येच तांबडा पट्टा दिसला की थांबा, म्हणजे गाडी नीट बाजूला लावून. दोन लाव्हांच्या मधल्या काळात पहिला थर उघडा पडला, पावसानं कुजला, त्याची माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी.

आणि या सगळ्याच्या तळाशी काय? त्याचं एक उत्तर कोयनेत मिळालं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथली जमीन हलायची थांबलेली नाही, म्हणून तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून बघितलं. २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि खाली लागला तो फार जुना ग्रॅनाइट. त्या जुन्या महाराष्ट्रावर हा नवा महाराष्ट्र ओतलाय.

चहा आणि मंगळ

घाट चढून गेल्यावर टपरीवर आम्ही दोन कटिंग घेतले आणि आत्या ग्रहमालेवर आली. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ आणि आपला चंद्र हे सगळे दगडी. सगळ्यांच्या पोटात साधारण एकाच जातीचं प्रावरण. ते थोडं वितळलं की सगळीकडे बेसॉल्टच निघतो. म्हणजे पाताळेश्वराच्या भिंतीचा सख्खा भाऊ मंगळावर आहे!

मग तिथले ज्वालामुखी बंद का पडले? आत्याने माझ्या ग्लासाकडे बोट दाखवलं. 'तुझा कटिंग निवला. किटलीतला अजून गरम आहे. लहान भांडं लवकर निवतं.' चंद्र लहान, तो लवकर थंड झाला. मंगळ पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा, त्याचाही जोर बराच ओसरला. शुक्र जवळजवळ आपल्याएवढा, त्याच्या पोटात अजून धग आहे. मॅगेलन यानानं १९९१ मध्ये घेतलेल्या रडारच्या चित्रांत आठ महिन्यांच्या अंतरानं एक ज्वालामुखीचं मुख बदललेलं दिसलं. हे लक्षात आलं कधी? २०२३ मध्ये. बत्तीस वर्षं फोटो पडून होते.

मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. एव्हरेस्टच्या अडीचपट. रुंदी सहाशे किलोमीटर, म्हणजे पुण्यापासून नागपूरपर्यंत नुसता एक डोंगर. एवढा कसा वाढला? 'तव्यावर पोळी फिरवत राहिलीस तर एका जागी करपत नाही,' आत्या म्हणाली. 'मंगळाची पोळी फिरलीच नाही.' आपली फिरली. भारताची जमीन तेव्हा वर्षाला पंधराएक सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे सरकत होती. ज्या गरम जागेवरून जाताना दख्खनचा लाव्हा आला, ती आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं मानलं जातं. पुण्यापासून जवळजवळ पाच हजार किलोमीटरवर. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपला गॅस तिकडेच राहिला, आपण तवा घेऊन पुढे आलो.

शेवटचा स्टॉप : आत्याचं घर

परत येताना आत्या म्हणाली, एरंडवण्यावरून जाऊ. तिची जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीये. दीड वर्षापासून ती भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे. मला वाटलं तिला घराची आठवण आली असेल.

पत्र्याच्या फटीतून बघितलं. घर नव्हतंच. तिथे चार मजल्यांइतका खोल खड्डा होता. पार्किंगसाठी. आणि त्याच्या भिंतीत वेताळ टेकडीवरचंच पुस्तक उघडलेलं. खाली काळा घट्ट थर, वर मांजऱ्या, त्यावर मुरूम. एका कोपऱ्यात अर्धगोल दगडी बांधकाम दिसत होतं. सोसायटीची जुनी विहीर, उभी कापलेली, केक कापावा तशी. मांजऱ्याच्या थरातून पाणी झिरपत होतं. खड्ड्यात पंप चालू होता आणि जाड पाइपातून ते पाणी गल्लीतल्या गटारात पडत होतं. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या बिल्डिंगसाठी टँकर उभा होता.

'घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी राहत नाही,' आत्या नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली. 'ते राहतं चिरांत आणि या भोकांत. टेकडीवर पडलेला पाऊस मुरत मुरत इथवर येतो. माझ्या वडिलांनी ५५ साली इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा या विहिरीचं पाणी प्यायलं होतं.' मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. पंपाचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. क्रेनच्या मागून चंद्र वर आला. तो ससा दिसला, लहानपणी आजीनं दाखवलेला.

'तो ससा बेसॉल्टचा आहे,' आत्या म्हणाली. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे लाव्हाची मैदानं. १९६९ मध्ये अपोलो ११ मधली माणसं तिथेच उतरली आणि येताना बेसॉल्ट घेऊन आली. साडेतीन अब्ज वर्षांहून जुना. तिथे पाऊस नाही, नदी नाही, त्यामुळे तो जसा थिजला तसाच बसलाय. टेकडी नाही, दरी नाही, विहीरही नाही. दगड तोच, फरक फक्त पाण्याचा.

आत्या पत्र्याला टेकून उभी होती. मी विचारलं, फार वाईट वाटतंय का? 'घराचं नाही गं,' ती म्हणाली. 'घर नवीन मिळेल, लिफ्टसकट. वॉचमनला जरा हाक मार. कडेच्या ढिगातला एखादा तुकडा देतो का, विचार.'

वॉचमननं दिला. भोकाभोकांचा, आत पांढरे बारीक स्फटिक असलेला. तो आता माझ्या टेबलावर आहे, लॅपटॉपच्या शेजारी. आइसलँडचं सेव्हिंग चालू आहेच. पण सोमवारी मी आधी आमच्या सोसायटीच्या चेअरमनना फोन केला आणि विचारलं, की आपल्या गच्चीवरचं पावसाचं पाणी नेमकं जातं कुठे? त्यांनाही माहीत नव्हतं. पुढच्या मीटिंगला विषय घेतलाय.

जायचं असेल तर...

कधी : पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सकाळी लवकर निघा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेलात तर चंद्र सूर्यास्ताआधीच उगवतो.

कसं : पाताळेश्वर, मेट्रो आणि वेताळ टेकडी एका सकाळीत होते. दिवे घाट दुपारनंतर. घाटात वळणावर गाडी थांबवू नका.

काय न्याल : पाणी, टोपी, साधं भिंग. हातोडा नको. लेण्यावर आणि टेकडीवर काहीही फोडायचं नाही.

कोणाबरोबर : घरात आत्या, मामा, जुने सर, असं कोणी असेल तर त्यांना मागे बसवा. गाइड फुकट मिळतो, टोमणे त्यातच आले.